वाकेशोचं धुकं

वाकेशोच्या डाव्या भुवईवर थेंब बसले होते. उजवी भुवई कोरडी होती. थेंब मोहरीहून बारीक, एकेका पांढऱ्या केसाच्या टोकाला एकेक. ती वाटेवरच्या दगडावर आडवी बसली होती, चढ तिच्या डाव्या हाताला आणि उतार उजव्या. मी हातातलं वारा मोजायचं यंत्र पुन्हा एकदा पाहिलं. वारा उताराकडून वर येत होता, चांगला जोराचा. धुकं वाऱ्याबरोबर वाहतं आणि आडवं काही आलं की त्याला चिकटतं. त्या हिशेबानं तिची उजवी भुवई भिजायला हवी होती. पण हे धुकं वरून, वाऱ्याच्या तोंडात, आमच्या मागोमाग उतरत आलं होतं आणि ती बसली म्हणून थांबलं होतं.

मी तिला म्हटलं, भुवई पुसू नका, मला फोटो घ्यायचा आहे.

"घे," ती म्हणाली. "पण गुडघ्याचा घेऊ नकोस. तो लाजतो."

ही गोष्ट केनियातल्या कितेला डोंगरावरची. आता तिला बरीच वर्षं झाली. त्या भागातला मोठा पाऊस येईनासा होऊन तेव्हाच इतका काळ लोटला होता की शाळेतली मुलं पावसाळ्याबद्दल बोलताना 'म्हणे' हा शब्द लावायची. खाली सपाटीवर पाण्याचे टँकर यायचे. डोंगरावर टँकर चढत नव्हता. डोंगरावर धुकं होतं, आणि धुकं आणणाऱ्या बायका होत्या.

माझं माहेर नाशिककडच्या द्राक्षांच्या गावात. तिथे धुकं पडलं की माणसांचे चेहरे उतरतात. बागेवर डावणीची बुरशी येणार म्हणून भल्या सकाळी फवारणीची धावपळ सुरू होते. धुक्याला दिलेल्या शिव्या ऐकत मी मोठी झाले आणि पुढे धुक्याचाच अभ्यास केला. आमच्या संस्थेनं मला कितेलावर पाठवलं ते जाळ्या लावून धुक्यातलं पाणी किती धरता येतं हे पाहायला. मी कड्यावर खांब रोवून जाळ्या ताणल्या. पहिल्या दिवशी त्यांतून मिळालेल्या पाण्यात दोघींचा चहा झाला असता, तोही कडक नाही. मी ते पाणी मापत उभी असतानाच पलीकडच्या वाटेवरून एक म्हातारी अनवाणी चालत गेली, आणि गाईमागून वासरू जावं तसं तिच्यामागून धुकं गेलं.

मी जे दिसलं ते नोंदवलं. कारण लिहायची जागा रिकामी ठेवली. ती अजून रिकामी आहे.

रीत साधी होती. पहाटे पूर्वेच्या कड्याखालच्या खळग्यात धुकं साचतं. उजाडलं की बाई तिथे जाते, त्याच्याकडे पाठ करून क्षणभर उभी राहते आणि चालू लागते. पाय अनवाणी हवेत, स्वतःचे हवेत. तिचं धुकं तिच्यामागे निघतं. शेजारणीचं असेल ते जागचं हलत नाही. शेतावर आलं की ते केळीच्या पानांवर, घेवड्याच्या वेलांवर, खांबांना बांधलेल्या जुन्या कापडांवर बसतं आणि ऊन चढेपर्यंत ठिबकत राहतं. याची एकच अट, ती तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होती: धुकं आणणाऱ्या बाईनं डोंगराखाली झोपायचं नाही. एक रात्र जरी ती खाली राहिली तरी सकाळी खळगा मोकळा असतो. धुकं समुद्राकडे निघून गेलेलं असतं, आणि गेलेलं परत येत नाही. काही घरांचं असं झालं होतं. ती माणसं आता सपाटीवर टँकरच्या रांगेत उभी असत.

वाकेशोचं धुकं डोंगरावरचं सगळ्यात मोठं. तिच्या शेतावर ते मावायचं नाही. काठ ओलांडून उतारावरच्या चार घरांपर्यंत ओघळायचं, आणि ती चार घरं त्याच्यावर जगायची.

मी तिच्याच घरी राहत होते. स्वाहिलीत आईला 'मामा' म्हणतात आणि बहिणीला 'दादा'. वाकेशोला सगळे मामा म्हणत आणि मला दादा. फोनवर मी हे सगळं सांगायला लागले की माझी आई काळजीत पडायची: अगं, त्या घरात बाईमाणूस कुणी आहे की नाही? खरं तर बायकाच होत्या. वाकेशो, तिची सून रिझिकी आणि मी.

रिझिकी किलिफीची, समुद्रकाठची. तिचे वडील होड्या बांधायचे. वाकेशोचा मुलगा तिला लग्न करून वर घेऊन आला, आणि दोन वर्षांनी तापात गेला. ती राहिली. का राहिली हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. तिच्याबद्दलची एक गोष्ट मात्र पाहुण्याला पहिल्याच दिवशी ऐकवली जायची. नवी नवरी म्हणून आली त्या सकाळी तिनं खिडकीतून पाहिलं, तर सासूच्या मागून पांढरा लोट घराकडे येतोय. तिला वाटलं आग लागली. घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी बादलीत घेऊन ती धावली आणि तिनं ते धुक्यावर फेकलं. धुकं दचकून कुंपणापर्यंत मागे सरलं म्हणे, आणि वाकेशो नखशिखान्त भिजली. उतारावरच्या पहिल्या घरात राहणारा म्वादिमे हे रंगवून सांगायचा. हा म्वादिमे जन्मभर बसवर कंडक्टर होता आणि निवृत्त झाल्यावरही लग्नाच्या पंगतीत लोकांना 'पुढे सरका, पुढे जागा आहे' असं सांगत फिरायचा. रिझिकीला तो 'पाण्याला पाणी पाजणारी सून' म्हणायचा, आणि ती दर वेळी हसायची, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

त्या दगडावरच्या सकाळच्या आदल्या दिवशी वाकेशोची मुलगी सारू मोम्बासाहून आली होती. ती तिथल्या दवाखान्यात नर्स. कामाची, स्पष्ट बोलणारी, आणि आईवर जीव असणारी बाई. रस्ता संपतो तिथे भाड्याची पिकअप उभी करून ती वर आली, आईला खाटेवर बसवून तिनं दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि जेवायच्या आधीच निकाल दिला. गुडघे बदलायचे. डॉक्टरशी बोलणं झालंय. परवा सकाळी निघायचं. त्यानंतर हा डोंगर चढणं-उतरणं नाही. राहायचं माझ्याकडे, समुद्राच्या वाऱ्यावर.

वाकेशो रडली नाही की रागावली नाही. उलट तिनं विचारलं, तिकडे पाणी नुसतं पडून असतं म्हणतात ते खरं का, कुणी आणलं नाही तरी? सारू म्हणाली, खरं. "मग एकदा बघायलाच हवं," वाकेशो म्हणाली, आणि ताटातली उगाली मोडायला लागली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तो ती सुनेच्या हातचाच खायची.

प्रश्न उरला धुक्याचा. ते कुणाला तरी देऊन जायला हवं होतं. सारूनं स्वतःपुरतं हसत मिटवून टाकलं: माझी ड्युटी, माझी दोन पोरं, धुक्याला काय बसचं तिकीट काढू? राहता राहिली रिझिकी. ते इतकं उघड होतं की कुणी तिचं नावसुद्धा घेतलं नाही. सगळे वाकेशोकडे बघायला लागले. म्वादिमे तर खास त्यासाठीच येऊन बसला होता.

वाकेशो म्हणाली, "बघू."

हे 'बघू' ती तीन वर्षं म्हणत होती. गुडघे दुखायला लागले तेव्हापासून. डोंगरावर त्याचा अर्थ लोकांनी केव्हाच लावून टाकला होता: म्हातारीला परक्या मुलखातल्या सुनेला द्यायचं नाही. म्वादिमेनं तर तिच्या तोंडावरच सांगितलं की मूठ झाकून मरायला निघालीस, पण आमचा घेवडा काय पाप करून बसलाय? सारू वैतागली. तिनं रिझिकीला विचारलं, तू तरी ये माझ्याबरोबर, आमच्या दवाखान्याच्या खानावळीत जागा आहे, खोली देते, इथे धुक्यावाचून एकटी काय करशील? रिझिकी पालेभाजी चिरत होती. ती म्हणाली, बरं. आणि भाजी इतकी बारीक चिरली की ती ताटात ओळखूच येईना.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्या दगडावर, फोटो काढून झाल्यावर, मी वाकेशोला विचारलं. मी सहसा कुणाला असं विचारत नाही. पण एक दिवस उरला होता.

"मामा, रिझिकीत काय वाईट आहे?"

मग तिनं मागे वळून धुक्याकडे पाहिलं, शेजारी कुणी ऐकत नाही ना हे बघावं तसं.

"वाईट काही नाही," ती म्हणाली. "धुकं देता येत नाही."

मला वाटलं, माझी स्वाहिली कमी पडली. तिनं सावकाश, शब्द सुटे करून पुन्हा सांगितलं. लोक बघतात ते वरवरचं: जुनी बाई नवीच्या खांद्यावर कापड टाकते, नाव घेते, टाळ्या वाजतात. लोकांना वाटतं, दिलं. पण त्याच्या आधी एक गोष्ट झालेली असते. नवीनं ते मागितलेलं असतं. स्वतःहून, स्वतःच्या तोंडानं, चार माणसांच्या देखत. मागितल्याशिवाय ते जात नाही. आणि मागायला कुणी शिकवायचं नाही. शिकवून मागितलं तर धुकं चार दिवस पाहुण्यासारखं राहतं आणि एका सकाळी नसतं. हे ज्या बायकांनी ते मागितलं त्यांनाच माहीत असतं. त्या ते कुणाला सांगत नाहीत. सारूला ठाऊक नव्हतं. वाकेशोच्या नवऱ्यालाही मरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"मग तुम्ही मला का सांगितलंत?"

"तू मागणार नाहीस. आणि तुला न बोलता बघत बसायची सवय आहे."

मी विचारलं की तुम्ही कशा मागू शकलात. ती हसली. सासूशी भांडण झालं होतं, म्हणाली, भांडी कुणी घासायची यावरून. मी सासूला म्हटलं, भांडी मी घासते, धुकं मी आणते, तुम्ही बसा. म्हणून गेले आणि मग कळलं की मी काय म्हणाले ते.

मी म्हटलं, मागायचं कसं ते नका शिकवू, पण तुला इथे राहायचंय का एवढं तरी तिला विचारता येईल. त्यावर तिनं मान हलवली.

"ती कशी आहे तुला ठाऊक आहे. चहा घेशील का विचारलं तर आधी दूध किती आहे ते बघते आणि मग ठरवते की आपल्याला तहान आहे की नाही. मी विचारलं तर माझ्या मनात काय आहे ते ती शोधेल आणि तेच मला परत देईल. मग ती इथे बांधली जाईल, दादा. आयुष्यभर. समुद्र परत बघायचा नाही, बापाच्या घरी एक रात्र झोपायचं नाही. तो स्टेशनजवळचा काझुंगु, मोबाइल दुरुस्त करणारा, तो दर रविवारी इथे रेंज किती आहे ते बघायला चढून येतो. रेंज बघायला कुणी इतकं चढतं का? तिला त्याच्याबरोबर जायचं असेल. तिचं वय आहे. मी तीन वर्षं वाट बघते आहे की ती एकदा तरी काहीतरी स्वतःसाठी मागेल. मीठ सरकवा एवढंसुद्धा ती मागत नाही. उठून घेते."

"आणि उद्यापर्यंत नाही मागितलं तर?"

"तर ते जाईल," वाकेशो म्हणाली. "मी जाते तिकडेच जाईल. समुद्राकडे." आणि माझ्या खांद्याला धरून उठली. मागे धुकंही उठलं.

दुपारी सारू खाली फोन लावायला गेली आणि वाकेशो झोपली. रिझिकी स्वयंपाकघरात नारळ खोवत होती. तिकडची खोवणी म्हणजे पुढे पातं बसवलेलं एक बुटकं स्टूल. त्याच्यावर बसायचं आणि दोन गुडघ्यांच्या मधून खोवायचं. आमच्या विळीची बहीणच. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. फार मोठी नव्हती.

मी किलिफीचा विषय काढला. एवढं करायला हरकत नव्हती असं मला वाटलं. तिनं समुद्राबद्दल छान सांगितलं: भरतीला पाणी वडिलांच्या कारखान्याच्या पायरीला लागायचं, होडीच्या कडेला कान लावला की लाकूड फुगताना ऐकू यायचं. मग म्हणाली, पण तिथे पाणी आपणहून दाराशी येतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. इथे मामा सकाळी धुकं घेऊन वळणावर दिसतात ना, तेव्हा केळीसुद्धा मान वर करतात. मी रोज बघते. मला अजून कंटाळा आला नाही.

मी काझुंगुबद्दल विचारलं. ती हसली. एकदा त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं, म्हणाली, तरी गडी पुढच्या रविवारी हजर. चांगला माणूस आहे. पण तो येतो तेव्हा मला आनंद होतो तो त्यानं खालून आणलेल्या कांद्यांचा.

आणि मग, पात्यावरून हात न काढता, मी विचारलं नसताना तिनं विचारलं, "दादा, मामांना माझ्यात काय खुपतं, तुला काही बोलल्या का?"

मी शेजारचं पाण्याचं भांडं उचललं आणि प्यायला लागले, तोंड भरलेलं असावं म्हणून. मला जे माहीत होतं ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर त्या घराचा प्रश्न तिथेच सुटल्यासारखा दिसला असता. पण मग तिचं मागणं माझं झालं असतं, आणि धुकं ते ओळखतं असं ज्या बाईनं मला सांगितलं तिच्या भुवईवर मी त्याच सकाळी वाऱ्याविरुद्ध बसलेले थेंब पाहिले होते. मी म्हटलं, मामा तुझ्या हातचंच जेवतात.

"जेवतात," ती म्हणाली. "पण देत नाहीत. मी कोण मागणारी? लोक म्हणतील, मुलगा खाल्ला, आता धुकं हवंय हिला. आणि त्या नाही म्हणाल्या, तर मग या चुलीवर मी कोणत्या तोंडानं उगाली ढवळू? न मागितलेलं निदान नाकारता तरी येत नाही."

नारळ केव्हाच संपला होता. ती करवंटी खोवत होती.

निघायच्या दिवशी सकाळी वाकेशोनं हट्ट धरला की शेवटचं धुकं मीच आणणार. सारू नको नको म्हणत बरोबर आली, मीही आले. खळग्यापर्यंत ती कशीबशी चढली. तिथे ती नेहमीसारखी पाठ करून उभी राहिली, जरा जास्त वेळ. मग उतरायला लागली आणि धुकं मागे निघालं. अर्ध्या वाटेवर, जिथून घराचं छप्पर दिसतं त्या सपाटीवर, तिचा उजवा गुडघा अडकला. वाकेही ना, सरळही होईना. ती खाली बसली, आणि धुकं तिच्याभोवती येऊन बसलं, कोंबडीभोवती पिल्लं बसतात तसं.

सारूनं हाका मारून म्वादिमेला वर बोलावलं. त्या दोघांनी हातांची खुर्ची केली आणि वाकेशोला उचललं. चार पावलं गेले. धुकं जागचं हललं नाही. पाय जमिनीला लागत नव्हते ना. तिला उभं केलं तेव्हा ते हातभर पुढे आलं. पुन्हा उचललं तर पुन्हा थांबलं. म्वादिमेनं त्याला बकरीसारखं हुसकून पाहिलं. मग कंडक्टरच्या आवाजात, पुढे चला, पुढे चला, असंही सांगून झालं. शेवटी तो घाम पुसत म्हणाला की बसमध्येही असली एक-दोन माणसं असायची, ती नवऱ्याशिवाय चढायची नाहीत. वाकेशो इतकी हसली की तिला पुन्हा खाली ठेवावं लागलं.

पण ऊन यायला लागलं होतं. पूर्वेचा कडा आधी तांबूस आणि मग पिवळा झाला. धुक्याची वरची कड विरळ होताना दिसत होती. तिथून पलीकडची झाडं आरपार दिसायला लागली. खाली चार घरांच्या अंगणांत माणसं उभी राहून वर बघत होती. थोड्याच वेळात वाकेशो पिकअपमध्ये बसणार होती आणि त्या रात्री मोम्बासाला झोपणार होती. जे काही व्हायचं ते आता, नाहीतर कधीच नाही, हे आम्हा दोघींइतकं स्पष्टपणे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी वाकेशोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

उशीर झाला म्हणून रिझिकी चहाचा थर्मास घेऊन वर आली. तिनं बसलेली सासू पाहिली, बसलेलं धुकं पाहिलं. मग झाकणात चहा ओतायला लागली.

सारूचा धीर सुटला. ती म्हणाली, "मामा, पुरे झाला हट्ट. ती समोर उभी आहे. टाक तिच्या खांद्यावर कापड आणि दे."

म्वादिमे म्हणाला, देऊन टाक. खालच्या अंगणातूनही कुणीतरी तेच ओरडलं. मला एकदम भीती वाटली. कारण त्या क्षणी वाकेशोनं नुसतं 'घे' म्हटलं असतं तरी रिझिकीनं ते घेतलं असतं, दूध किती आहे ते बघून घेतलं असतं, आणि मग काय होतं ते मला माहीत होतं.

वाकेशोनं सुनेकडे पाहिलं. तिचा आवाज मी कधी इतका कोरडा ऐकला नव्हता.

"नाही देणार," ती म्हणाली.

म्वादिमेनं जीभ टाळूला लावून चक् असा आवाज केला आणि तोंड फिरवलं. सारू 'मामा' एवढंच म्हणाली. रिझिकीचा चहा ओतून झाला होता. तिनं ते झाकण वाकेशोच्या हातात दिलं, सासूनं ते दोन्ही हातांनी नीट धरलंय हे पाहिलं, थर्मासचं बूच घट्ट लावलं. मला वाटलं, आता ही खाली जाईल आणि पिशवी उचलेल. ती दोन पावलं उताराकडे गेलीसुद्धा. मग थांबली. वाकून तिनं रबरी चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि परत आली. तिचा चेहरा रागानं तापला होता. सहा वर्षांत तिला रागावलेली कुणी पाहिली नव्हती; म्वादिमे नकळत बाजूला सरला.

"नका देऊ," ती म्हणाली. "मी मागते."

वाकेशोनं चहाचा घोट घेतला. "काय मागतेस?"

"धुकं. हे. तुमचं." ती श्वास घ्यायला थांबली. "माझ्याकडे बघू नका मला काय वाटावं ते ठरवत. सारू दादाची खोली नको म्हणून नाही, म्वादिमेच्या घेवड्यासाठी नाही. तुमचा मुलगा गेला म्हणूनही नाही. समुद्र दिसणार नाही, बाबांकडे राहता येणार नाही, सगळं मला ठाऊक आहे, मी रोज रात्री मोजलंय ते. तरी सकाळी उठून मला हे आणायला जायचंय. वळणावरून मला यायचंय. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, तुम्ही नाही म्हणालात तरी उद्या पुन्हा मागेन. मला हवंय, मामा. मी इथेच राहणार."